कपाटाचं पुन्हा एकदा

चि. ऋता हिस अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. आईचे गुडघे विमानात आखडले होते, आता ठीक आहेत. निघायच्या आदल्या रात्री तुझं कपाट भिंतीला जखडण्यावरून मी आवाज चढवायला नको होता. ‘भिंतीला भोक पाडलं तर घर सोडताना डिपॉझिटमधून कापतात’ हे तू तीनदा सांगितलंस, मी तीनदा ऐकलं नाही. चुकलं. हे पत्र त्याबद्दल नाही. कोबे कसं वाटलं ते लिहा, असं तूच म्हणाली होतीस.

सगळ्यात आवडलं ते दिशांचं. उत्तरेला रोक्कोचे डोंगर, दक्षिणेला समुद्र, मधे चिंचोळी पट्टी. म्हणून तिथली माणसं डावं-उजवं न सांगता डोंगराकडची बाजू, समुद्राकडची बाजू असं सांगतात. आपली वरची आळी, खालची आळी, तसंच. वाट चुकली तर चढ कुठे आहे तेवढं बघायचं. रेल्वेच्या तीन लाइनीही तशाच: हान्क्यू डोंगराकडून, हानशिन समुद्राकडून, मधून जेआर. सरकत्या जिन्यावर टोकियोत डावीकडे उभं राहतात आणि तुमच्याकडे उजवीकडे, हे मात्र आईच्या अजून पचनी पडलेलं नाही.

बसचं आता नीट कळलं. मागच्या दाराने चढायचं, उतरताना ड्रायव्हरपाशी पैसे टाकायचे. पेटी उरलेले परत देत नाही, त्यामुळे हजाराची नोट आधी शेजारच्या फटीत घालून सुटे पाडायचे आणि मग नेमकं भाडं टाकायचं. हे उतरायच्या वेळी केलं की मागे रांग तटते, म्हणून सिग्नलला बस थांबली असतानाच उरकायचं. दत्ताकाका येणार आहेत, त्यांना सांगून ठेव.

कचऱ्याची शिस्तही बघून ठेवली. महापालिकेची ठरावीक पिशवी, तीही आरपार दिसणारी. त्या त्या वारी, सकाळी ८च्या आत. आदल्या रात्री ठेवला तर कावळे फाडतात. बाटलीचं झाकण आणि लेबल काढून, विसळून. चुकीची पिशवी चिठ्ठी चिकटवून तिथेच सोडून जातात, म्हणजे सगळ्या बिल्डिंगला कळतं. त्या पिशव्यांचा गठ्ठा तू कपाटावर ठेवतेस तो हलका आहे, राहू दे. पण त्याच्यामागची लोखंडी पेटी खाली घे.

मिक्सरचं आईला सांगितलं. आपला २३० व्होल्टचा, तिथे वीज १०० व्होल्टची. म्हणून चटणी वाटली न जाता नुसती हलली. स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर घेतलास तर ७५० वॅटच्या मिक्सरला १५०० वॅटचा घे, कारण सुरू होताना मोटर जास्त करंट ओढते. शिवाय भिंतीतला साधा प्लग १५ अँपिअरचा, म्हणजे १५०० वॅट. एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर किटली आणि राइस कुकर लावू नकोस. ट्रान्सफॉर्मर जड असतो, तो कपाटाच्या तळाला ठेव. वर नको.

बघ, आलोच तिथे.

मेरिकेन पार्कमध्ये मोडका धक्का जसाच्या तसा ठेवलाय, दिव्याचे खांब कलंडलेले, तिथे मी गप्प होतो म्हणून तू विचारलंस. कोबेचा भूकंप, १७ जानेवारी १९९५, पहाटे ५:४६. ६,४३४ माणसं गेली, बहुतेक घराखाली आणि सामानाखाली. किल्लारी, ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६. आपली कोयना, ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४:२१. तिन्ही वेळा माणसं अंथरुणात होती. आजी अजून पलंगाच्या उशाशी काही उभं ठेवू देत नाही, तुला लहानपणी त्याचं हसू यायचं. आणि तुझ्या उशाशी सहा फुटी कपाट.

रागावू नकोस. भोक न पाडता होतं. कपाटाच्या माथ्यावरून छतापर्यंत लावायचे ताणदांडे तिथे सगळीकडे मिळतात. दोन घे, कपाटाच्या दोन टोकांना, भिंतीला जितके चिकटतील तितके मागे. कपाट पुढे पडताना त्याचा मागचा कोपरा वर उचलला जातो, दांड्याने तोच दाबून धरायचा असतो. पुढच्या कडेला लावला तर दांडा सैल होऊन आधी तोच डोक्यात पडेल. छत वाजवून बघ. पोकळ वाजलं तर मधे प्लायची फळी घाल, नाहीतर जिप्सम खचतं. पुढच्या पायांखाली पाचरीची पट्टी, म्हणजे कपाट किंचित भिंतीकडे रेलेल. दांडे कालांतराने ढिले होतात, महिन्याने पिळून बघायचे. आणि सगळ्यात सोपं म्हणजे पलंगच फिरव.

घरमालकाला एवढंच विचार, की इमारतीची परवानगी जून १९८१च्या आधीची की नंतरची. भूकंपासाठीचे नवे बांधकाम-नियम तेव्हापासूनचे आहेत.

गॅसचा मीटर मोठ्या हादऱ्याला आपोआप बंद होतो. सगळी बटणं बंद कर, मीटरवरचं टोपण काढून रिसेटचं बटण पूर्ण दाब, मग ३ मिनिटं गॅसला हात लावू नकोस. लाल दिवा लुकलुकायचा थांबला तर चालू. वास आला तर यातलं काहीच करू नकोस, बाहेर पड. आणि घर सोडताना मेन ब्रेकर खाली. कोबेत वीज परत आल्यावर पडलेले हीटर पेटून आगी लागल्या होत्या.

लेक्चर झालं. वॉर्ड ऑफिसात तू त्या बाईंशी जपानीत बोलत होतीस तेव्हा आईने मला कोपराने ढोसलं होतं. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही, आणि मी ते जोशींच्या घरी जाऊन सांगून आलो.

१७१ क्रमांकावर आपत्तीत निरोप ठेवता येतो: १ दाबून ३० सेकंद बोलायचं, २ दाबून ऐकायचं. त्याचीच वेबसाइट परदेशातूनही उघडते. दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला सरावासाठी दोन्ही खुलं असतं. येत्या १ तारखेला तू तुझ्या नंबरावर वेबवर निरोप ठेव, मी इथून उघडून बघतो. ‘पलंग फिरवला’ एवढंच लिहिलंस तरी चालेल.

तुझे,
बाबा

ता. क. आई म्हणते, मेतकूट फ्रिजच्या मागच्या डब्यात आहे.