स्क्रू सगळ्यात शेवटी फिरवल्याबद्दल

गॅरेजवाले काका,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव आणि दुकानाचा पत्ता लिहीत नाही. "जास्त कुणाला सांगू नका, मला आहेत एवढ्याच गाड्या झेपतात," असं तुम्हीच म्हणाला होतात. धायरीकडच्या लोकांनी ओळखलं तर ओळखू देत. आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत, कारण ज्या कामाबद्दल मानायचे ते तुमच्या बिलावर कुठेच दिसत नाही. बिलावर फक्त एक गॅस्केट, म्हणजे दोन भागांमधली हवाबंद पट्टी, आणि मजुरी आहे.

इतरांसाठी थोडक्यात सांगते. आमच्या जुन्या पेट्रोल गाडीचं हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालचं, गेलं होतं. ते दुसऱ्या एका गॅरेजमध्ये बदलून घेतलं आणि गाडी घरी आली ती रेस धरूनच. पाय पॅडलवर नसताना आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्या ते दाखवणारा, काटा दीड हजारावर. मध्येच तो अठराशेला जायचा, धाडकन हजाराला यायचा, पुन्हा वर. नळ स्टॉपच्या सिग्नलला शेजारचा रिक्षावाला माझ्याकडे बघायला लागला, त्याला वाटलं बाईंना घाई आहे. क्लच जरा सोडला की गाडी पुढे झेपावते, आणि सिंहगड रस्त्याच्या गर्दीत पुढे झेपावायला जागा असते कुठे? आधीच्या गॅरेजने पुन्हा बघितलं, थ्रॉटलचा, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेचा, स्क्रू फिरवून दिला, फरक पडला नाही. मग "जुनी गाडी आहे, अशीच चालायची", आणि तेही पटेना म्हटल्यावर "अख्खी थ्रॉटल बॉडी बदला". तिची किंमत ऐकून मी तुमच्याकडे आले.

तुम्ही बॉनेट उघडलंत आणि काहीच केलं नाहीत. एसी बंद, दिवे बंद, स्टिअरिंग सरळ करायला लावलंत आणि म्हणालात, "फॅन एकदा लागून बंद होऊ द्या, मग बोलू." थंड इंजिनाचा आयडल, म्हणजे पाय पॅडलवर नसतानाची रेस, गाडीतला कॉम्प्युटर स्वतःच वाढवून ठेवतो, त्यामुळे गरम होण्याआधी काढलेल्या निष्कर्षाला काही अर्थ नाही, हे तुम्ही समजावून सांगितलंत. आधीच्या ठिकाणी गाडी आत घेतल्या घेतल्या स्क्रू ड्रायव्हर बाहेर आला होता. तुम्ही मात्र हात पुसत उभे राहिलात आणि तुमच्या पोऱ्याला चहा सांगायला पाठवलंत.

माझा भाचा बरोबर होता. हिंजवडीचा इंजिनिअर, गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे मोबाइलवर दाखवणारं स्कॅनर घेऊनच आलेला. त्याचं म्हणणं, इंजिन कुठून हवा ओढत असतं तर मिश्रण पातळ झालं असतं आणि कॉम्प्युटरने पेट्रोल वाढवलेलं फ्युएल ट्रिममध्ये, म्हणजे पेट्रोल किती टक्के कमी-जास्त केलं त्या आकड्यात, दिसलं असतं. ट्रिम तर दोन-तीन टक्क्यांच्या आत, म्हणजे हवेचा प्रश्नच नाही. कुणीही गप्प झालं असतं. तुम्ही त्याला विचारलंत, "या गाडीत हवा मोजतात का दाब?" तो गडबडला.

मग तुम्ही जे सांगितलंत ते मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलंय. काही गाड्यांत थ्रॉटलच्या आधी हवेचं मीटर असतं. त्याच्या पलीकडून चोरून आत शिरलेली हवा त्याला दिसत नाही, पेट्रोल कमी पडतं, आणि ट्रिम बोंब मारतं. आमच्या गाडीत मीटर नाही, मॅनिफोल्डमधला, म्हणजे थ्रॉटलपासून सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधला, दाब मोजणारा मॅप सेन्सर आहे. हवा पुढच्या दाराने येवो की मागच्या, आत आली की दाब वाढतो, आणि कॉम्प्युटर त्या दाबाच्या हिशेबाने पेट्रोल देऊन मोकळा होतो. मिश्रण बरोबर, ट्रिम बरोबर, फक्त इंजिनाला हवा आणि पेट्रोल दोन्ही जास्त. म्हणून रेस जास्त.

"पण सेन्सरच खोटं बोलत असेल तर?" भाच्याने हट्ट सोडला नाही. तुम्ही इंजिन बंद करून नुसती चावी ऑन केलीत आणि त्याच्याच मोबाइलवर दाबाचा आकडा वाचायला लावलात. पंचाण्णवच्या आसपास किलोपास्कल. इंजिन बंद असताना मॅनिफोल्डमध्ये बाहेरचीच हवा असते, आणि पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, म्हणून इथे पंचाण्णव. हीच गाडी मुंबईत उभी केली तर १०१ दाखवेल. सेन्सर खरा आहे. पुण्याच्या हवेचं वजन सेन्सर तपासायला वापरता येतं, हे मला या शहरात इतकी वर्षं राहूनही कुणी सांगितलं नव्हतं. भाचा नंतर गाडीत बसल्यावर बराच वेळ बोलला नाही, आणि ही आमच्या घरात दुर्मीळ गोष्ट आहे.

त्यानंतर तुमचं स्वतःचं मोठं स्कॅनर लागलं. त्यात दिसलं की कॉम्प्युटरला हवाय आयडल आठशेच्या घरात आणि त्यासाठी त्याने आयडलचा हवेचा व्हॉल्व्ह पार बंद करून टाकलाय. त्याच्या हातात होतं तेवढं त्याने केलं होतं. काटा वरखाली का होतो तेही तिथेच उलगडलं. थ्रॉटल बंद आणि आरपीएम जास्त, म्हणजे कॉम्प्युटरला वाटतं की आपण कात्रजचा घाट गिअरमध्ये उतरतोय. तो पेट्रोल तोडतो. आरपीएम पडतो, तो पुन्हा पेट्रोल सोडतो, आरपीएम चढतो, पुन्हा तोडतो. उभ्या गाडीत हा घाट दिवसभर चालू. अशा वेळी स्क्रू फिरवून काय होणार?

शोध सुरू झाला तेव्हा मी स्टूल ओढून जवळच बसले. हवेचा मोठा पाईप काढून थ्रॉटलच्या तोंडावर जाड रबराचा तुकडा दाबलात. इंजिन गुदमरून बंद पडायला हवं होतं. खडखडलं, पण चालूच राहिलं. मग पकडीला कापड गुंडाळून एकेक व्हॅक्यूम पाईप चिमटीत धरलात. पहिला ब्रेक बूस्टरचा. "रेस नंतर, आधी ब्रेक," एवढंच बोललात. तो ठीक निघाला. मग क्रँककेसच्या वाफा परत आणणारा, मग पेट्रोलच्या टाकीच्या वाफांचा. काटा जागचा हलेना.

भाच्याने यूट्यूबवर पाहिलेला कार्ब क्लीनरचा स्प्रे सुचवला, तेव्हा पहिल्यांदा तुमचा आवाज चढला. गरम इंजिनावर, एक्झॉस्टच्या शेजारी, पेटणारी वस्तू मारायची नाही. इस्त्रीवाल्याकडे असते तशी पाण्याची फवारणीची बाटली घेतलीत आणि मॅनिफोल्ड जिथे हेडला बसतो त्या सांध्यावर थेंब थेंब मारत गेलात. पहिल्या सिलिंडरजवळ काही नाही, दुसऱ्या-तिसऱ्याजवळ नाही. चौथ्याच्या खालच्या अंगाला पाणी लागलं आणि सुर्रर्र आवाज होऊन रेस क्षणभर खाली बसली. पाण्याने फट तेवढ्यापुरती बुजली होती. पाणी आत ओढलं गेलं की पुन्हा वर. तुम्ही तीनदा करून दाखवलंत, तिसऱ्यांदा बाटली माझ्या हातात देऊन. माझ्या आयुष्यात मी लावलेला हा पहिला यांत्रिक शोध, तो माझ्या नावावर राहू द्या.

मॅनिफोल्ड खोलल्यावर सगळं उघडच पडलं. हेडचं काम करताना मॅनिफोल्डचं जुनं, दबलेलं गॅस्केटच परत लावलं होतं, आणि त्याचा एक फाटका तुकडा हेडला चिकटलेला राहिला होता. एका टोकाला बूड टेकलंच नव्हतं. तिथे तुम्ही आधीच्या फिटरला चार शिव्या घातल्या असत्यात तर मी मनापासून साथ दिली असती. तुम्ही म्हणालात, "घाईत राहतं हो. मालक डोक्यावर बसला असेल." इतकी सभ्यता मला त्या क्षणी जमली नसती, आणि खरं सांगायचं तर अजूनही जमत नाहीये.

नाना पेठेतून नवं गॅस्केट आलं. ॲल्युमिनियमचं हेड मऊ असतं, ओरखडा पडला की पुन्हा हवा, म्हणून तुम्ही लोखंडी पात्याने न खरवडता प्लॅस्टिकच्या पट्टीने घासत बसलात. चारही भोकांत कापडाचे बोळे कोंबले होते, कचरा आत पडू नये म्हणून. आणि शेवटी ते बोळे मोजून बाहेर काढलेत! बोल्ट मधून कडेकडे, दोन फेऱ्यांत, टॉर्कच्या पान्याने.

स्टार्टर मारला, आणि गाडी पाचशेवर येऊन बंद पडली. पुन्हा मारला, पुन्हा बंद. माझा चेहरा पडला. तुम्ही मात्र पहिल्यांदाच हसलात. "आता खरं बोलतेय," म्हणालात. चोरवाट बुजली होती, आणि आधीच्या गॅरेजने रेस उतरवायला स्क्रू सैल करून थ्रॉटलची पाकळी गरजेपेक्षा जास्त मिटवून ठेवली होती. दुखणं होतं तोवर ती चूक झाकली गेली होती.

तेव्हा कुठे तुम्ही स्क्रू ड्रायव्हर हातात घेतलात. स्क्रूवर कंपनीच्या रंगाचा अर्धा तुटलेला ठिपका होता, तो भिंगातून शोधून दोन्ही अर्धे जुळवलेत. थ्रॉटलच्या सेन्सरच्या तारेवर मीटर लावून पाकळी मिटल्यावरचं व्होल्टेज पाहिलंत, अर्ध्या व्होल्टच्या जवळपास. ॲक्सिलरेटरच्या केबलला थोडी ढील आहे का तेही. पुढे बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवली, म्हणजे कॉम्प्युटरने बिघाडाच्या काळात शिकलेलं विसरावं. मग पॅडलला पाय न लावता गाडी चालू, दहा मिनिटं नुसती, नंतर तेवढीच एसी लावून. साडेआठशे, आठशे वीस, आठशे. एसीला नव्वदच्या फरकाने वर, कॉम्प्रेसर सुटला की खाली. आयडल तुम्ही "सेट" केलाच नाहीत, कॉम्प्युटरला त्याचं काम परत दिलंत.

तुम्ही पद्मिनीच्या कार्ब्युरेटरवर शिकलेले. दोन स्क्रू, एक स्लोचा, एक मिश्रणाचा, आणि कान. ज्याचा हात स्क्रूवर इतकी वर्षं बसलाय, त्याने तो मागे ठेवणं किती कठीण असेल, याचा विचार मी परत येताना करत होते.

पैशांबद्दल तुमच्याशी वाद घालायला मी लिहीत नाहीये, तो समोरासमोर घालीन. थ्रॉटल बॉडीचे वाचलेले पैसे मात्र माझ्या कपाटात आहेत. पोऱ्याला आयटीआयच्या मोटार मेकॅनिकला घालायचं तुम्ही बोलला होतात. फॉर्म ऑनलाइन भरावे लागतात. त्याची दहावीची मार्कशीट आणि आधार घेऊन त्याला माझ्याकडे पाठवा, मी बसून भरून देते. फी मी भरणार, त्यावर "नको नको" चालणार नाही.

दसऱ्यानंतर ऑइल बदलायला येते. क्लच वर पकडतोय म्हणाला होतात, तेही तेव्हा बघून घेऊ.

आपली,
पांढऱ्या गाडीवाल्या बाई