काशीचा श्रावण आपल्या आधी सुरू होतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत हल्ली काशीयात्रेवरचे लेख वरचेवर येतात. मंदिर, आरती आणि घाटांची वर्णने वाचून कोणालाही जावेसे वाटेल. पण कधी जावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कधी जाऊ नये, याबद्दल त्यात फारसे काही नसते. आमच्या कॉलनीतल्या ज्येष्ठांच्या काशीवाऱ्या ठरवायला मी बरीच वर्षे मदत करते. काशीतली निम्मी दगदग घरी बसून तारीख काढतानाच ठरून जाते, असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्वात मोठी फसगत महिन्याच्या हिशेबात होते. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडचा पौर्णिमेला. शुद्ध पक्ष दोन्हीकडे एकाच महिन्यातला, वद्य पक्षाचा महिना मात्र निराळा. म्हणून गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्याच दिवशी काशीत श्रावण लागतो, तेव्हा आपल्याकडे आषाढ वद्य प्रतिपदा असते. २०२५ साली तिथला श्रावण ११ जुलै ते ९ ऑगस्ट होता, आपला २५ जुलै ते २३ ऑगस्ट. १४ आणि २१ जुलैचे सोमवार आपल्या दिनदर्शिकेत आषाढातले साधे सोमवार होते. काशीत ते श्रावणी सोमवार होते. त्या दिवसांत कावडिये, म्हणजे कावडीतून गंगाजल आणणारे यात्रेकरू, आदल्या रात्रीपासून रांगेत असतात, मंदिराजवळच्या गोदौलिया आणि मैदागिन या चौकांच्या अलीकडेच वाहने अडवतात आणि स्पर्शदर्शन, म्हणजे गाभाऱ्यात जाऊन शिवलिंगाला हात लावणे, बहुधा बंद असते. आमच्या ओळखीच्या एका मंडळाला यात्रा कंपनीने ‘श्रावणाच्या आधी, निवांत’ असे सांगून नेमके याच दिवसांत नेले. सत्तरीपुढची माणसे बांबूंच्या नागमोडी रांगेत तासन्‌तास उभी राहिली. एका आजींना घेरी आली, तेव्हा त्यांना रांगेबाहेर काढायला वाट मिळेना. कंपनीने उत्तरेचे पंचांग एकदा उघडले असते, तर हे टळले असते.

राखीपौर्णिमेनंतर उलटे होते. आपला श्रावण अजून पंधरा दिवस उरलेला असतो आणि तिथली कावड ओसरलेली असते. श्रावणातच विश्वेश्वराचे दर्शन घ्यायचे अशी ज्यांची श्रद्धा आहे, त्यांनी हा पंधरवडा धरावा. मात्र तेव्हा गंगा चढलेली असू शकते. पूर आला की घाटांच्या पायऱ्या पाण्याखाली जातात, नावा बंद होतात आणि आरतीही वर गच्चीवर करावी लागते. दर्शन होईल, घाट पाहायला मिळतीलच असे नाही, ही तयारी ठेवून जावे.

वेळेचे बंधन नसेल, तर मी त्रिपुरी पौर्णिमा उलटू द्यायला सांगते. त्या रात्री काशीत देवदिवाळी असते, सगळे घाट पणत्यांनी उजळतात, पण खोल्यांचे आणि नावांचे भाव तेव्हा विचारू नयेत असे असतात. त्यानंतर आठवडाभराने गेलात, तर छठसाठी गावी गेलेल्यांची परतीची गर्दीही सरलेली असते. हवा छान, गंगा शांत. तिथून डिसेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ मला सर्वात बरा वाटतो. पुढे धुके पडते, गाड्या कित्येक तास उशिरा धावतात. मग नवीन वर्षाची गर्दी, आणि त्यापाठोपाठ प्रयागचा माघमेळा. मुंबईहून काशीला जाणाऱ्या बऱ्याच गाड्या जबलपूर-सतना करत प्रयागराजवरूनच जातात, त्यामुळे मेळ्यातल्या मोठ्या स्नानाच्या, मौनी अमावास्येच्या आसपास काशीचे तिकीट मिळणे अवघड. महाशिवरात्र आणि होळीच्या आधीची रंगभरी एकादशी हे दिवसही वयस्कर माणसांनी टाळावेत.

तिकिटाचेही थोडे सांगते. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होते, हे अजून अनेकांच्या लक्षात नाही. काशीला जाणारी महानगरी एक्सप्रेस मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटते, म्हणजे सोमवारी रात्री जेवून निघायचे असेल तर तिकीट मंगळवारच्या तारखेचे हवे. शिवाय ‘वाराणसी जंक्शन’ आणि ‘बनारस’ ही दोन वेगळी स्थानके आहेत. पूर्वीचे मंडुआडीह तेच आताचे बनारस.

शहरात पोहोचल्यावर वार सांभाळावेत. विश्वनाथाला सोमवार आणि शनिवार-रविवार सोडून जावे, कालभैरवाला मंगळवार-रविवार सोडून, संकटमोचनाला मंगळवार-शनिवार सोडून. सारनाथचे संग्रहालय शुक्रवारी बंद असते, सोमवारी नाही, म्हणून सोमवारी सकाळी सरळ सारनाथ गाठावे. विश्वनाथाच्या रांगेत पहाटे सगळेच जातात. साध्या वारी दुपारी भोग आरती झाल्यावर, साडेबारानंतर गेले तर रांग भराभर सरकते, असा माझा अनुभव आहे. सुगम दर्शनाचे, म्हणजे पैसे भरून लवकर दर्शनाचे तिकीट मंदिर न्यासाच्या संकेतस्थळावरून किंवा त्यांच्याच खिडकीवरून काढावे. गल्लीच्या तोंडाशी ‘काकू, लगेच दर्शन’ म्हणत मागे लागणाऱ्यांना एक पैसा देऊ नये. मोबाइल आत नेता येत नाही, तो खोलीवरच ठेवून निघालात तर लॉकरच्या नावाखाली प्रसादाची टोपली गळ्यात पडत नाही. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी मंदिराला लागून खोली घेण्याचा हट्ट सोडावा. तिथल्या गल्ल्यांत रिक्षा जात नाही, सामान उचलून चालावे लागते. अस्सी घाटाच्या बाजूला उतरले तर रिक्षा बरीच जवळ येते, आणि पहाटेची आरती व गंगेपलीकडून उगवणारा सूर्य दोन्ही हाकेच्या अंतरावर.

आता थोडे मनातले. संध्याकाळी दशाश्वमेधावर पाय ठेवायला जागा नसते, पण त्याला लागूनच दक्षिणेला असलेल्या अहिल्याबाई घाटाकडे मराठी यात्रेकरू वळूनही पाहत नाहीत. आजचे विश्वनाथ मंदिर अहिल्याबाई होळकरांनी १७८० मध्ये बांधले. सकाळी सातच्या सुमाराला मणिकर्णिकेच्या पुढे उत्तरेकडे चालत जावे. शिंदे घाटाशी पाण्यात कललेले रत्नेश्वर महादेवाचे देऊळ लागते, मग नागपूरकर भोसल्यांचा घाट, त्यावरचा दगडी वाडा आणि पुढे पंचगंगा. तिथल्या दगडी दीपस्तंभाशी निवांत बसता येते. आसपास कपडे वाळत असतात, कोणी संध्या करत असतो. सहल कंपन्यांच्या कार्यक्रमात ही वाट जवळजवळ नसतेच. काशीतले मराठी वैभव बघायचे असेल, तर ते बरेचसे या गर्दी नसलेल्या अर्ध्या-पाऊण तासाच्या वाटेवर आहे.

आपल्याला एक विनंती. आषाढ लागला की यात्रांच्या जाहिराती वाढतात. त्या सुमारास आपल्या दैनिक पंचांगाच्या चौकटीत ‘उत्तर भारतात आजपासून श्रावण’ एवढी एक ओळ छापावी. यात्रा कंपन्यांनीही आपल्या पत्रकात प्रवासाच्या तारखांसमोर तिथला महिना आणि त्या आठवड्यातले सण लिहावेत, आणि ते लिहिलेले नसेल तर आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी ग्राहकाने ते मागून घ्यावेत.

आपली,
एक नियमित वाचक, सातारा