इंग्रजी घेऊन पुढे काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

करिअर मार्गदर्शनाच्या पानांवर इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांना हमखास एकच सल्ला मिळतो : शिक्षक व्हा, पत्रकार व्हा, नाहीतर स्पर्धा परीक्षा द्या. हा विषय शिकवणारी म्हणून मला हे चित्र फार अपुरे वाटते.

मजकूर शब्दाशब्दाने तपासायची सवय हीच या पदवीची खरी कमाई. औषधाच्या माहितीपत्रकात ‘रोज दोन गोळ्या, सकाळी व रात्री’ असे छापले, तर दिवसभरात गोळ्या दोन की चार? एखादा डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट घ्यायचा का? हे प्रश्न रुग्णाच्या आधी कोणाला तरी पडायला हवेत. तांत्रिक लेखक आणि संपादक यांना याच कामाचा पगार मिळतो. सॉफ्टवेअर, वैद्यकीय उपकरणे, विमा, कायदा अशा सगळ्या क्षेत्रांत त्यांची गरज असते. मात्र नुसत्या पदवीवर तिथे प्रवेश मिळत नाही. त्या क्षेत्राची जुजबी तरी जाण लागते आणि स्वतः केलेल्या कामाचे नमुने दाखवावे लागतात. दुसऱ्या वर्षापासून ते जमवायला घ्यावेत, अंतिम परीक्षेनंतर नव्हे.

एम.ए. तर सवयीने केले जाते, आणि याचे मला खरोखर वाईट वाटते. भाषाशास्त्र, ग्रंथालय व माहितीशास्त्र, कायदा, भाषांतर ही दारेही पदवीनंतर उघडी असतात. वाचा-उपचारासाठी (स्पीच थेरपी) मात्र बहुधा विज्ञानाचे काही पूर्वविषय करावे लागतात. प्रौढांना इंग्रजी शिकवायचे असेल तर केंब्रिजचा ‘सेल्टा’ हा सुमारे १२० तासांचा अभ्यासक्रम आहे. त्यात खऱ्या विद्यार्थ्यांसमोर उभे राहून शिकवावे लागते, म्हणून मी तो आवर्जून सुचवते. पीएच.डी.ला जाणाऱ्यांनी आधी दोन गोष्टी विचाराव्यात : पाठ्यवृत्ती किती वर्षे मिळेल, आणि त्या विभागातून बाहेर पडलेले संशोधक आज कुठे नोकरी करतात. कायमस्वरूपी प्राध्यापकपदे अर्जदारांच्या मानाने फार थोडी असतात, हे मुलांना कोणी स्पष्ट सांगत नाही.

साहित्य घेतले म्हणजे विज्ञानाची वाट बंद झाली, असेही नाही. हॅरॉल्ड वार्मस यांनी अ‍ॅमहर्स्ट कॉलेजात इंग्रजी साहित्याची पदवी घेतली, हार्वर्डमधून त्याच विषयात एम.ए. केले आणि मग ते कोलंबिया विद्यापीठात वैद्यकशास्त्राकडे वळले. कर्करोगाशी संबंधित जनुकांवरील संशोधनासाठी १९८९ चे नोबेल त्यांना मायकेल बिशप यांच्यासमवेत मिळाले. असा प्रवास विरळा, हे खरे. पण मुलांना घाबरवताना अपयशाची उदाहरणे आपण धडाधड देतो, मग हेही एक द्यावे.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे साधा मजकूर पाडून देण्याची नवशिक्यांची कामे धोक्यात आली आहेत, ही चिंता रास्त आहे. यंत्राचा मजकूर सफाईदार असतो, पण त्यातला चुकीचा दावा हेरायला विषय जाणणारा, चिकित्सक वाचक लागतोच. म्हणूनच इंग्रजीच्या विभागांनी संख्याशास्त्र, कायदा किंवा संगणकशास्त्राचा एखादा विषय जोडीला घेऊ द्यावा, आणि प्रत्येकाकडून निदान एक खराखुरा दस्तऐवज संपादित करून घ्यावा.

आपल्या पुरवणीत कोशकार, उपशीर्षककार (सबटायटल लिहिणारे), तांत्रिक लेखक, कायद्याच्या मसुद्यांचे संपादक यांच्या मुलाखती छापाव्यात, अशी विनंती. त्यांचा दिवस कसा जातो, पहिले काम कसे मिळाले आणि सुरुवातीला पगार किती होता, हे तिघांनी-चौघांनी जरी मोकळेपणाने सांगितले तरी माझ्या विद्यार्थ्यांच्या फार उपयोगी पडेल.

आपली नम्र,
इंग्रजीची एक प्राध्यापिका