सिंकवरची ड्यूटी

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

सोमवारपासून सीएसएसडीत, म्हणजे हॉस्पिटलची उपकरणं धुऊन निर्जंतुक करणाऱ्या विभागात, रुजू होशील. पहिले काही आठवडे तुला बहुतेक धुण्याच्या सिंकवरच उभं करतील, ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या मशीनच्या, बटणाला हात लावू देणार नाहीत. राग मानू नकोस. ऑटोक्लेव्ह वाफ देतो, घासत नाही. आर्टरी फोर्सेपच्या (रक्तवाहिनी पकडायच्या चिमट्याच्या) बिजागरीत वाळलेलं रक्त राहिलं तर वाफ त्या थराखाली पोचेलच असं नाही. सायकल मात्र कागदावर 'पास' येते, इंडिकेटरचा, म्हणजे पाकिटातल्या तपासपट्टीचा, रंगही बदललेला असतो. घाण दिसली तर ती सिंकवर आणि नंतर भिंगाखाली, त्यापुढे कुठेच नाही.

ट्रे आला की आधी धारदार वस्तू शोध. ब्लेड हँडलला तसंच राहून गेलेलं असतं, सुई गॉजमध्ये गुंडाळलेली असते. फेसाळ पाण्यात हात घालून चाचपायचं नाही, कधीच नाही. हातमोजे जाड आणि मनगटाच्या बरेच वर येणारे हवेत. तपासणीचे पातळ मोजे इथे कामाचे नाहीत. फेस शील्ड आणि पाणी न झिरपणारा गाऊन घालावाच लागतो. आणि उकडतं म्हणून दाराला स्टूल लावून ठेवू नकोस: त्या खोलीत हवा बाहेरून आत ओढली जाते, ती मुद्दाम तशी ठेवलेली असते.

एन्झाइमचं द्रावण मापाने कर, लेबलवर लिहिलंय तेवढंच. अंदाजाने ओतायची सवय सगळीकडे असते. जास्त टाकून जास्त स्वच्छ होत नाही; फेस वाढतो, नीट निघत नाही आणि नंतर उपकरणावर डाग उरतात. पाणी कोमट, लेबल वेगळं सांगत नसेल तर साधारण ४५ अंशांच्या खालीच. गरम पाण्याने रक्तातली प्रथिनं उकडलेल्या अंड्यासारखी घट्ट होऊन धातूला चिकटतात. सगळ्या कैच्या, फोर्सेप उघड्या ठेव, सुटे होणारे भाग सुटे कर. ब्रश पाण्याच्या पृष्ठभागाखालीच चालव, वर घासलं की तुषार तोंडावर येतात.

सक्शन टिप, कॅन्युला यांसारखी पोकळ नळी ही खरी परीक्षा. ब्रश नळीच्या मापाचा हवा. बारीक असला तर भिंतीला लागत नाही, जाड असला तर अडकतो. तो दुसऱ्या टोकातून बाहेर आला पाहिजे, मग सिरिंजने पाणी मार, आणि ते स्वच्छ येईपर्यंत थांबू नकोस. अल्ट्रासॉनिकमध्ये, म्हणजे ध्वनिलहरींनी घाण सोडवणाऱ्या टाकीत, टाकताना नळी पाण्याने भरून घे; आत हवेचा बुडबुडा राहिला तर तिथे लहरींचा काही उपयोग होत नाही. नवं पाणी भरलं की टाकी थोडा वेळ उपकरणांशिवाय चालवून विरघळलेली हवा काढ, मगच उपकरणं आत.

ओटीतून (ऑपरेशन थिएटरमधून) वाळलेली किंवा सलाइनमध्ये बुडवलेली उपकरणं आली तर गप्प धूत बसू नकोस, सिस्टरना सांग. सलाइनमधल्या क्लोराइडमुळे स्टेनलेस स्टीललाही बारीक खड्डे पडतात, आणि एकदा खड्डा पडला की रक्त त्यात कायमचं घर करतं. वापर झाल्यावर ओल्या गॉजने पुसून, ओलसर ठेवून पाठवलं तरी तुझं निम्मं काम हलकं होतं.

धुऊन झालं की भिंगाच्या दिव्याखाली बघ. तपकिरी डाग दिसला तर खोडरबराने घासून पाहा: डाग गेला आणि खाली धातू गुळगुळीत असेल तर तो नुसता डाग, खड्डा दिसला तर गंज, उपकरण बाजूला. फोर्सेप पहिल्या दात्यावर लावून बिजागरीकडे धर आणि दात्यांचा भाग टेबलाच्या कडेवर हलकेच आपट. आपोआप सुटला तर तो शस्त्रक्रियेच्या मध्येच रक्तवाहिनीवरून सुटेल. लॅप्रोस्कोपीच्या (दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या) उपकरणांचं इन्सुलेशन, म्हणजे वीज अडवणारं आवरण, टोकाजवळ नीट तपास. तिथल्या केसाएवढ्या चिरेतूनही वीज निसटून रुग्णाला आत दुसरीकडे भाजू शकतं. वंगण पाण्यात विरघळणारंच. मशीनच्या तेलातून वाफ जात नाही.

पॅकिंगचं फार लांबवत नाही. सेट ११ किलोच्या आत ठेव, इंडिकेटर वाफेला सर्वांत अवघड जागी, म्हणजे सेटच्या पोटात. बाहेरची टेप फक्त एवढंच सांगते की पाकीट मशीनमधून गेलं. पाऊचवर लिहायचं तर प्लास्टिकच्या बाजूने. बॉलपेनच्या टोकाने कागदाला भोक पडतं.

ऑटोक्लेव्ह हातात येईल तेव्हा रोज सकाळी मशीन तापल्यावर पहिलं काम बोवी-डिक, म्हणजे चेंबरमधली हवा पूर्ण निघते का याची चाचणी. रिकामं चेंबर, चाचणीचा पॅक खाली ड्रेनच्या वर, १३४ अंशांवर साडेतीन मिनिटं. कागदाचा रंग सगळीकडे सारखा हवा. मध्ये फिका ठिपका म्हणजे आत हवा उरली: दाराचं गॅस्केट, व्हॅक्यूम पंप किंवा खराब वाफ. अशा मशीनवर लोड लावायचा नाही, 'एकदा लावून बघू' असं कुणी म्हटलं तरी. उपकरणांच्या लोडची १३४ अंशांवरची ३ मिनिटं तापमान गाठल्यानंतरच मोजायची. ती दार लावल्यापासून धरू नकोस.

ओली पाकिटं हा सगळ्यात डोकेदुखीचा प्रकार. कारण बहुधा तीनपैकी एक असतं: लोड ठासून भरलेला, वाडगे उताणे ठेवल्याने पाणी साचलेलं, किंवा गरम पाकीट थंड स्टीलच्या टेबलावर टाकलेलं. ट्रॉलीवरच किमान अर्धा तास थंड होऊ दे, जड सेटला त्याहून जास्त. आत ओल दिसली की सेट उघडून पुन्हा पहिल्यापासून. पुसून चालत नाही.

स्पोअर टेस्टमध्ये जिओबॅसिलस या उष्णतेला चिवट जिवाणूचे बीजाणू असतात; लोडसोबत जाऊन आलेल्या कुपीत ते वाढले तर टेस्ट पॉझिटिव्ह. त्याच लॉटची एक कुपी न शिजवता सोबत ठेवायची. ती वाढलीच नाही तर चाचणीच रद्द. इम्प्लांटचा लोड रिझल्ट येईपर्यंत अडवायचा. ओटीतून फोन येईल, मग पुन्हा येईल. आवाज चढला तरी तुझं उत्तर 'रिझल्ट आल्यावर' एवढंच, आणि फोनची वेळ रजिस्टरला लिही. लोड नंबर, मशीन, तारीख यांची नोंद कंटाळवाणी वाटते. पण एखादी टेस्ट पॉझिटिव्ह आली की शेवटच्या निगेटिव्हनंतरचा प्रत्येक सेट त्याच वहीवरून शोधून परत मागवावा लागतो.

ईटीओची, म्हणजे इथिलीन ऑक्साइड गॅसने निर्जंतुक करायची, खोली वेगळी समज. तो गॅस कर्करोगकारक आहे. पाकिटातून तो निघून जाईपर्यंत तासन् तास एरेशन (हवा खेळवणं) लागतं, मधेच दार उघडायचं नाही. प्लाझ्माला (हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मशीनला) ओल आणि कापड दोन्ही चालत नाही, सायकल रद्द होते.

हिपॅटायटिस-बीचे तीन डोस तुझे झालेत. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडी तपासायची असते, ती राहिली आहे. टायटर, म्हणजे अँटिबॉडीचं प्रमाण, १० किंवा त्याहून वर आला पाहिजे. सोमवारच्या आधी रक्त देऊन ये आणि रिपोर्टचा फोटो मला पाठव.

तुझी,
आई