अण्णा, त्या रात्री तुम्ही भट्टी पेटवू दिली नाहीत

ती. अण्णांना सा. नमस्कार,

हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवणार आहे, तसं मी तिच्याकडून कबूल करून घेतलं आहे. समोर बसून बोलले असते तर तुम्ही दोन वाक्यांतच विषय बदलून 'लॅडल तापवली का?' असं, म्हणजे वितळलेलं लोखंड ओतायच्या भांड्याबद्दल, विचारलं असतं. म्हणून लिहिते आहे. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण नवी मुंबईच्या रबाळे, पावणे, तुर्भे, तळोजा या पट्ट्यात आमच्यासारख्या लोखंड वितळवणाऱ्या, विजेवरच्या अर्धा-एक टनाच्या भट्ट्या चालवणारे अजून आहेत, आणि त्यांच्यापैकी प्रत्येकाला अण्णांसारखा भट्टीचा मिस्त्री भेटलेला नाही.

गेल्या जुलैतली ती रात्र. पावसानं सकाळपासून उसंत घेतली नव्हती, पारसिकच्या डोंगरावरून उतरलेलं पाणी आमच्या गल्लीत घोट्यापर्यंत आलं होतं. पंप केसिंगचे (पंपाच्या कवचाचे) चाळीस साचे वाळू भरून तयार होते, शनिवारी गाडी भरायची होती, आणि फर्नेसच्या पॅनेलवर, वीज जमिनीकडे गळतेय असं सांगणारा अर्थ लीकेजचा काटा चढून भोंगा तिसऱ्यांदा वाजला होता. भोंगा वाजला की रीसेट दाबायचा, अशी आमच्याकडे सवयच पडली होती. ती सवय मी मोडली नाही, हा दोष माझा. मी तुम्हाला फोन केला तो भट्टी थांबवू का हे विचारायला नव्हेच. भट्टीच्या आतल्या अस्तराला, म्हणजे लायनिंगला, तळाच्या कोपऱ्यात पॅचिंग (ठिगळ) करायचं तर मसाल्यात तो धरून ठेवणारं सिलिकेट किती घालावं, एवढंच मला हवं होतं.

तुम्ही विचारलंत, "मेटल आत हाय का?" मी म्हटलं, अर्धी भट्टी आहे. "ओतून टाक. पिगच्या साच्यात ओत, कोरड्या वाळूत ओत, पण भट्टी रिकामी कर. कॉईलचं पाणी मात्र बंद करू नगंस. मी येतो." कॉईल म्हणजे भट्टीभोवती गुंडाळलेली तांब्याची नळी; तिच्यातली वीज लोखंड तापवते, आणि आतलं पाणी नळीला थंड ठेवतं.

वयाची सत्तरी ओलांडलेला माणूस अशा पावसात ठाण्याच्या किसननगरहून निघतो. लोकल बंद होत्या. रिक्षावाल्यानं तुम्हाला विटाव्यालाच सोडलं. रेल्वेपुलाखाली गुडघाभर पाणी साचलेलं; चपला हातात घेऊन ते ओलांडलंत आणि पुढे भाजीच्या टेम्पोत बसून आलात. हे तुम्ही मला सांगितलं नाहीत. तो टेम्पोवाला दुसऱ्या दिवशी 'बाबा नीट पोचले का' म्हणून विचारायला आला, तेव्हा कळलं.

भट्टी निवेपर्यंत आत काही दिसणार नव्हतं. म्हणून तुम्ही चहा मागवला आणि हीटचं, म्हणजे प्रत्येक वितळणीच्या नोंदीचं, रजिस्टर मागितलंत. मला वाटलं, वेळ घालवायला मागताय. गेल्या दीड महिन्याची पानं तुम्ही बोट ठेवून वाचलीत. सुरुवातीला एक हीट उतरायला जेवढा वेळ लागायचा त्यापेक्षा आता कमी लागत होता. तेवढ्याच व्होल्टेजला किलोवॅट जास्त दिसत होते, फ्रिक्वेन्सीही चढलेली. पाचशे किलोच्या भट्टीत सहाशेच्या आसपास माल मावत होता. मला आठवतंय, यातल्या काही पानांवर मी समाधानानं सही केली होती. उत्पादन वाढतंय, असंच मला वाटत होतं.

"भट्टी वाढली न्हाई गं पोरी," तुम्ही म्हणालात, "झिजलीया."

अण्णा, हे वाक्य मी अजून मनातून काढू शकलेले नाही. लायनिंग पातळ झालं की वितळलेलं लोखंड कॉईलच्या जवळ सरकतं, म्हणून कॉईल त्याला जास्त जोरानं तापवते. भिंत झिजली की पोकळी मोठी होते, म्हणून माल जास्त मावतो. म्हणजे भट्टी धोक्याच्या जितकी जवळ जाते, तितकी ती जास्त जोमानं काम करताना दिसते. कागदावर सगळं चांगलं दिसत असतं. ही गोष्ट मला कुठल्याही डिप्लोमाच्या पुस्तकात इतक्या सरळ कुणी सांगितली नव्हती.

सकाळी तुम्ही बॅटरी आणि वाकवलेली सळई घेऊन प्लॅटफॉर्मवर चढलात. वरची भिंत ठीक होती. खाली, जिथं भिंत तळाला मिळते, तिथं चारी बाजूंनी आत खोबण पडली होती, हत्तीच्या पायासारखा खालचा घेर फुगलेला. त्यातल्या एका ठिकाणी आधीच्या ठेकेदारानं लावलेलं पॅच होतं. काचेसारख्या चकचकीत झालेल्या पृष्ठभागावर त्यानं ओला मसाला नुसता थापला होता. तुम्ही सळईनं टोचलंत आणि तो तुकडा पापडासारखा सुटून खाली पडला.

तरीही मी विचारलं. साफ करून, खरवडून, नीट पॅच मारला तर दोन दिवस निघतील का? चाळीस साचे थांबलेत, अण्णा. तुम्ही चिडला नाहीत. खाली उतरलात, राखेवर बोटानं भिंतीचा छेद काढलात आणि मला तीन थर दाखवलेत. आतला, लोखंडाला लागून असलेला, भाजून दगड झालेला. मधला अर्धवट भाजलेला. आणि मागचा, कॉईलकडचा, अजून भुसभुशीत पावडरच असलेला. आतला थर तडकला आणि लोखंड आत शिरलं, तर हा मागचा भुसभुशीत थर सरकून फट भरतो, शिरलेल्या लोखंडाला अडवतो. "ही पावडर म्हंजे तुझा विमा हाय," तुम्ही म्हणालात. "कोपऱ्यात ती उरलीच नसंल तर वरनं कितीबी लिंप, मागं कोण अडवणार?"

मग आम्ही लायनिंग फोडलं. त्या कोपऱ्यात पावडर नव्हती. तिथं लोखंडाची एक चपटी जीभ निघाली, बोटभर रुंद, भिंतीतून पार मागे गेलेली. तिचं टोक लायनिंगमागच्या मायका (अभ्रक) शीटला टेकलं होतं. शीटच्या पलीकडे कॉईलवरचा पातळ लेप आणि त्यानंतर तांब्याची नळी, जिच्यातून पाणी वाहतं. त्या नळीला भोक पडलं असतं तर 1,400 अंशांच्या लोखंडाखाली पाणी गेलं असतं, आणि पाण्याची वाफ होताना ते सुमारे 1,700 पट फुगतं. त्या रात्री प्लॅटफॉर्मवर चार पोरं होती. एकाचं लग्न दिवाळीनंतर ठरलं होतं.

ती जीभ मी फेकली नाही. ऑफिसात रजिस्टरशेजारी ठेवली आहे.

तुमचे आभार मानायचे ते सगळ्यात आधी या 'नाही'साठी. नवं लायनिंग मारून देणारे ठेकेदार फोन केला की येतात. भट्टीमालक रडवेला झालेला असताना, गाडी दाराशी उभी असताना, 'इथं ठिगळ चालणार नाही' असं सांगणारा माणूस मिळत नाही.

पुढचे तीन दिवस मी शाळेतल्या मुलीसारखी तुमच्या मागं फिरले. रॅमिंग मासची, म्हणजे लायनिंग ठोकायच्या कोरड्या सिलिका मसाल्याची, पोती तुम्ही एकेक करून तपासलीत. दोन पोत्यांना ओल लागली होती, ती बाजूला काढलीत. उघडलेल्या मालातून लोहचुंबक फिरवून त्याला चिकटलेले लोखंडाचे कण आमच्या पोरांना दाखवलेत. बोरिक अॅसिड 'अंदाजानं मूठभर' घालणाऱ्या आमच्या माणसाचा हात धरून वजनकाट्याकडे नेलंत. जास्त पडलं तर लायनिंग लवकर भाजतं खरं, पण ते लवकर मऊही पडतं आणि भाजलेला थर नको तेवढा जाड होतो. तळ थराथरानं ठोकून घेतलात. प्रत्येक थर आधी काटेरी फावड्यानं टोचून हवा काढायची, मगच ठोकायचं, आणि पुढचा थर टाकण्याआधी खालचा खरवडून घ्यायचा, नाहीतर दोन थरांमध्ये सांधा राहतो. भिंतीला आकार देणारा लोखंडी फॉर्मर उतरवल्यावर तो मध्यावर बसला की नाही हे तुम्ही आठ ठिकाणी पट्टी लावून पाहिलंत. एका बाजूला थोडा सरकलेला निघाला. पुन्हा उचलायला लावलात.

सगळ्यात अवघड गेलं ते सिंटरिंग, म्हणजे लायनिंग भाजून पक्कं करणं. लायनिंग ठोकून झालं होतं, माल घेणाऱ्या पार्टीचे फोन चालू होते, आणि तुम्ही थर्मोकपल (तापमापक) लावून तासाला शंभर अंशांच्या चालीनं भट्टी चढवत बसला होतात. मी दोनदा म्हटलं, जरा पॉवर वाढवू या. तुम्ही मला 573 हा आकडा पाठ करायला लावलात. 573 अंशांना सिलिकाच्या कणाची आतली रचना एकदम बदलते आणि तो फुगतो. तिथून घाईनं गेलं तर डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात, आणि त्या चिरांमधूनच पुढं लोखंडाच्या जिभा शिरतात. पहिल्या हीटला तुम्ही स्वच्छ, बिनगंजाचा माल निवडून टाकायला लावलात, भट्टी काठोकाठ भरलीत, रोजच्या तापमानाच्या वर नेऊन धरून ठेवलीत. त्या रात्रीही तुम्ही घरी गेला नाहीत.

गाडी शनिवारऐवजी पुढच्या गुरुवारी भरली. पार्टीनं कुरकूर केली, दंड कापला, ऑर्डर मात्र काढून घेतली नाही.

लायनिंग झिजण्याचं खरं कारण तुम्ही सगळं उरकल्यावर सांगितलंत, हात धुताना. लायनिंग खराब नव्हतं, आम्ही ते खाऊ घातलं होतं. आमचं भंगार उघड्यावर पावसात पडलेलं असायचं. गंज म्हणजे लोखंडाचा ऑक्साइड, आणि तो सिलिकाला भेटला की जी मळी होते ती 1,200 अंशांच्या आसपासच वितळते. भट्टीत तर त्याहून किती जास्त तापमान. म्हणजे प्रत्येक गंजलेल्या घमेल्यासरशी भिंतीचा एक पापुद्रा मळीत विरघळून जात होता. त्यात साचे तयार नसले की आम्ही वितळलेलं लोखंड पूर्ण पॉवरवर तासभर ताटकळत ठेवायचो. एवढ्या तापाला लोखंडातला कार्बन भिंतीतल्या सिलिकावर उलटतो. कार्बन घटतो, सिलिकॉन वाढतं, आणि भिंत तेवढी कमी होते. आमच्या कास्टिंगचं सिलिकॉन का चढतंय याचं उत्तर मी महिनाभर लॅबच्या रिपोर्टात शोधत होते. ते भट्टीच्या कोपऱ्यात होतं.

आता भंगारावर पत्र्याची शेड आहे. साचे मोजून झाल्याशिवाय भट्टीत चार्ज (वितळवायचा माल) पडत नाही. दर सोमवारी भट्टी थंड असताना भिंतीची मापं तीन उंचींवर घेतो, आणि एक तृतीयांश जाडी गेली की थांबायचं हा तुमचा नियम पॅनेलच्या वर रंगानं लिहिला आहे. भोंगा वाजला तर रीसेट दाबायचा अधिकार आता कुणालाच नाही, मलासुद्धा नाही.

ठिगळाला तुम्ही सरसकट नाव ठेवलं नाहीत, हेही इथं लिहायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याचा गैरसमज होईल. भट्टीची ओतण्याची चोच, वरची कड, लॅडलचा काठ, इथं पॅचिंग चालतं आणि करायलाच हवं. फक्त जुनी काच आणि मळी छिन्नीनं काढून खडबडीत, पक्कं अंग उघडं करायचं, धूळ झटकायची, किंचित ओलवायचं, मसाला दाबून ठोकायचा, आणि मग मंद बर्नरवर पुरतं वाळवायचं. ओलं ठिगळ आणि वितळलेलं लोखंड यांची गाठ पडू द्यायची नाही. हे तुम्ही आमच्या सगळ्यात लहान पोराला शिकवलंत, आणि आता लॅडल तोच बघतो. परवा त्यानं माझ्या तोंडावर सांगितलं, "ताई, अजून वाफ येतेय, आज ही लॅडल मिळणार नाही." मी काही बोलले नाही. मला तुम्हीच दिसलात.

आणखी एक. लायनिंग फोडताना तुम्ही सगळ्यांना मास्क लावायला लावलात, उडणाऱ्या धुरळ्यावर पाणी मारायला लावलंत, पोरं कंटाळली तरी ऐकलं नाहीत. सिलिकाची ती बारीक धूळ छातीत बसली की परत निघत नाही. तुम्ही वागळे इस्टेटला कामाला लागलात तेव्हा तोंडाला पंचा बांधून हेच काम करत होतात. तुमच्याबरोबरच्या दोघांबद्दल तुम्ही बोलता बोलता गप्प झालात. मी पुढं विचारलं नाही. तुमचा खोकला मात्र मी ऐकला आहे, अण्णा. ठाण्यात छातीच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, नातीला तारीख कळवली आहे. यात मात्र तुमचं 'नाही' चालणार नाही.

बाबा असते तर त्यांनी हे पत्र लिहिलं नसतं, तुमच्या घरी येऊन बसले असते. तुम्ही दोघांनी एकाच भट्टीवर उमेदवारी केली, पुढं त्यांनी रबाळ्यात शेड घेतली आणि तुम्ही मिस्त्रीच राहिलात. बाबा गेल्यावर कारखाना विकावा असं बहुतेकांनी सांगितलं. तेराव्याला तुम्ही एवढंच म्हणाला होतात, "अडलं तर फोन कर." मी चार वर्षं केला नाही. वाटायचं, डिप्लोमा माझा, भट्टी माझी, अडेल कशाला.

तुम्ही मजुरी घेतली नाहीत. परतीच्या रिक्षाचे पैसेही टेबलावर ठेवून गेलात. ते मी खर्च केलेले नाहीत.

या लायनिंगच्या सोमवारच्या मापांवरून अजून महिनाभर तरी जाईल असं दिसतंय. पुढच्या लायनिंगसाठी रॅमिंग मास आणून लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवला आहे. फॉर्मर नवा करून घेतला आहे, आणि तो आठ ठिकाणी मोजायला पोरं आतापासून भांडताहेत. लायनिंग आम्हीच मारणार. तुम्ही फक्त या. ठाण्याहून दहाची लोकल पकडा, रबाळे स्टेशनच्या बाहेर लॅडलवाला पोरगा मोटारसायकल घेऊन उभा असेल. प्लॅटफॉर्मच्या खाली, वारा येतो त्या बाजूला, खुर्ची टाकून ठेवते.

तुमची,
रबाळ्याची पोरगी