ओटीपी गेला ऊसतोडीला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझी बायको जत तालुक्यातल्या एका उपकेंद्रात आरोग्य सेविका आहे आणि मी तिचा बिनपगारी डाटा एन्ट्री ऑपरेटर. दिवसभर लसीकरण, गरोदर बायकांची तपासणी, बीपी-शुगर सगळं उरकून ती घरी येते, जेवणं झाली की ते जाडजूड रजिस्टर आणि मोबाईल घेऊन आम्ही दोघं बसतो, ती आकडे सांगते मी टाईप करतो. क्षयाचं निक्षय वेगळं, लसीचं यू-विन वेगळं, बीपी-शुगरचं एनसीडी पोर्टल वेगळं, माता-बालकांचं आरसीएच वेगळं, आणि एवढं भरून झालं तरी तोच आकडा सकाळी १० च्या आत ग्रुपवर एक्सेलमधे पाहिजेच. रेंज नसली की गच्चीवर.

आता त्यात आभा. २७ सप्टेंबर २०२१ ला केंद्रानं आरोग्याचं डिजिटल मिशन देशभर सुरू केलं, प्रत्येकाला आभा नावाचा १४ आकडी नंबर, त्याला सगळे रिपोर्ट जोडायचे. कल्पना चांगलीच आहे, मी विरोधात नाही. सांगलीत काढलेला रिपोर्ट मुंबईच्या डॉक्टरला दिसला तर कुणाला नको आहे? पण आभा काढायला आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो. आमच्याकडं बाई उपकेंद्रात येते, आधारला जोडलेला मोबाईल नवऱ्याचा, आणि नवरा दिवाळीच्या आगंमागंच ऊसतोडीला गेलेला. ओटीपी जातो त्याच्या खिशात. तो फडात कोयता चालवतोय, फोन कोपीवर (झोपडीवर) चार्जिंगला, संध्याकाळी तो फोन लावतो तोवर ओटीपी केव्हाच शिळा झालेला असतोय आणि बाई घरी गेलेली. ओटीपीऐवजी अंगठा घ्यायचं मशीन आमच्याकडं नाही. मग मीटिंगमधे विचारतात तुमचं टार्गेट का मागं. बायको म्हणते, आभा कार्ड किती झाली हे सगळे विचारतात, बाईचं हिमोग्लोबिन किती हे कोण विचारत नाही.

हे ॲप ज्यानं बनवलं तो काही वाईट माणूस नसणार, त्याला जत माहीत नाही एवढंच. आणि ज्या साहेबांना जत माहीत आहे त्यांना कॉम्प्युटरमधलं काय बदलून मागायचं हे कळत नाही. या दोघांच्या मधे उभं राहणारं माणूसच आपल्याकडं तयार केलेलं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे.

इंग्लंडनं हा धडा लई महागात घेतला. २००२ मधे त्यांनी सगळ्या देशाच्या सरकारी दवाखान्यांसाठी एकच मोठा आयटी प्रोग्राम काढला, अब्जावधी पौंड गेले आणि २०११ मधे गुंडाळायला घेतला. पुढं सॅन फ्रान्सिस्कोचे डॉक्टर रॉबर्ट वॉक्टर यांची कमिटी नेमली, २०१६ च्या त्यांच्या रिपोर्टमधे म्हटलंय की घाई करू नका आणि दवाखाना नि कॉम्प्युटर दोन्ही कळणारी माणसं आधी तयार करा. त्यातनं एनएचएस (तिथली सरकारी आरोग्य सेवा) डिजिटल अकॅडमी आली, २०१८ मधे पहिली बॅच, वर्षभराचा पदव्युत्तर डिप्लोमा, शिकवायला लंडनचं इम्पिरियल कॉलेज, सोबत एडिनबरा विद्यापीठ आणि हार्वर्ड मेडिकल स्कूल. डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट, आयटीवाले एका वर्गात, आणि नोकरी सोडायची नाही. मला यातली नोकरी न सोडण्याची गोष्टच जास्त पटली, कारण सोमवारी शिकलेलं मंगळवारी वॉर्डात करून बघता येतं.

आपल्याकडं असा कोर्स काढायला मिरजेसारखी जागा कुठं आहे सांगा. डॉ. वानलेस यांनी १८९४ मधे तिथं हॉस्पिटल उभं केलं, शासकीय मेडिकल कॉलेज १९६२ चं, कर्नाटकातनं पण पेशंट येतात. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठानं मनावर घ्यावं. ऑनलाइन पैसे भरा सर्टिफिकेट घ्या असले कोर्स चिक्कार दिसतात, तसलं नको. सॉफ्टवेअर घ्यायच्या आधी दवाखान्यात कागद कुठनं कुठं फिरतो हे काढायला शिकवा, कंपनी सोडून गेली तर आपला डाटा कसा परत घ्यायचा हे करारात कसं लिहायचं ते शिकवा, २०२३ च्या डाटा कायद्यात पेशंटची संमती म्हणजे काय ते शिकवा (आत्ता संमती म्हणजे ‘ओके दाबा’). परीक्षा लेखी नको. आपल्या दवाखान्यातलं एक रजिस्टर कायमचं बंद करून दाखवा, मग पास. आणि पास झालेल्याला पद द्या, वर्षभर शिकून परत जुन्याच टेबलावर बसवलं तर काय उपयोग.

एक अडचण मात्र आहे. कोर्स पदव्युत्तर म्हटला की पदवी आली, आणि माझ्या बायकोचं शिक्षण एएनएमचं (नर्सिंगचा कोर्स, पदवी नाही), म्हणजे ती दारातनंच परत. इतकी वर्षं ही सगळी पोर्टलं तीच भरतेय. शिकायला घेता येत नसेल तर एक दिवस शिकवायला तरी बोलवा. टीए-डीए नाही दिला तरी चालेल, फक्त त्या दिवशीची एन्ट्री माफ करा.

आपला,
एक वाचक, ता. जत, जि. सांगली