77 वरून थेट 95?

दहावीचा निकाल लागला की दरवर्षी तेच, शाळांचे फ्लेक्स, पेढे, शंभर टक्के निकालाची परंपरा वगैरे. पण 2019 आठवतंय का कुणाला? त्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले तोंडी-अंतर्गत मार्क काढले आणि राज्याचा निकाल 89.41 वरून 77.10 टक्क्यांवर आला, मग ते मार्क परत दिले आणि 2020 ला 95.30. आता एका वर्षात पोरं एवढी हुशार झाली का हो? 2021 ला तर कोरोनामुळे परीक्षाच नाही, तरी 99.95 टक्के पास!

मी कर्वेनगरला अकरावी कॉमर्सच्या मुलांना शिकवतो, सत्तर-ऐंशी टक्केवाल्यांनाही शेकडेवारी काढताना घाम फुटतो, मराठीत साधा अर्ज लिहायचा तर मोबाईल काढतात (चूक त्यांची नाही, त्यांना पास करायचं होतं, शिकवायचं नव्हतं). बोर्डाचं मुख्यालय आपल्या पुण्यातच आहे, तर निकालाच्या दिवशी लेखीचे मार्क आणि शाळेने दिलेले मार्क वेगवेगळे, शाळेनुसार जाहीर करा ना. आकडे बोर्डाकडे असतातच.

— एक शिक्षक, कर्वेनगर, पुणे